असेसरची सही आणि तिच्याआधीचे सहा महिने

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका शाळेतून इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून गेली काही वर्षे सदाशिव पेठेतल्या राहत्या घरी दर रविवारी सकाळी मोडी लिपी शिकवतो. गेल्या जूनमध्ये बारावीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या उपक्रमात त्याने सिल्व्हर पातळीसाठी नाव नोंदवले आहे आणि ‘कौशल्य’ या विभागात त्याने मोडी निवडली आहे. त्यासाठी असेसर, म्हणजे मूल्यमापक, म्हणून माझे नाव देऊ का, असे त्याने विचारले आणि मी आनंदाने होकार दिला. त्याने लिहिलेले उद्दिष्ट एका ओळीचे होते : ‘मोडी लिपी शिकणे आणि पेशवेकालीन कागद वाचता येणे.’

नवरात्रापर्यंत मुलगा नेमाने आला. पुढे परीक्षा आणि क्लास यांमुळे खंड पडला, तो आजतागायत. माझ्या वहीत त्याची पंधरा तासांची हजेरी आहे आणि सव्वीस हवेत असे मला सांगण्यात आले आहे. छापील मोडी तो अडखळत वाचतो. जुना कागद त्याला अजून वाचता येत नाही. परवा त्याच्या आईचा फोन आला. परदेशी विद्यापीठांचे अर्ज जानेवारीत भरायचे आहेत, तेव्हा मी सव्वीस आठवडे पूर्ण झाल्याचे लिहून द्यावे, उरलेले मुलगा बोर्डाच्या परीक्षेनंतर भरून काढील, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगा गुणी आहे आणि त्याचे नुकसान व्हावे असे मला वाटत नाही.

या निमित्ताने माझी भूमिकाच मला स्पष्ट नाही असे जाणवले. मी परीक्षक आहे, शिक्षक आहे की नुसता सही करणारा? त्याच्या धावण्याच्या सरावावर आणि येऊ घातलेल्या राजगड-तोरणा मोहिमेवरही मीच सही करीन का, असे त्याने विचारले आहे. माझ्या नातीलाही पुढच्या वर्षी ब्रॉन्झसाठी मीच असेसर हवा आहे. मार्गदर्शन करावे.

— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर

आदरणीय सर,

सादर नमस्कार. आपण सही करण्याआधी विचारलेत, हे फार बरे केलेत. तातडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. सव्वीस आठवडे पूर्ण झाल्याचे आपण लिहून देऊ नये. पंधरा तास झाले असतील तर पंधराच लिहावेत आणि अंतिम अहवाल आज लिहूच नये, कारण ज्या कामाचा तो अहवाल आहे ते काम अद्याप पुरे झालेले नाही. एवढे सांगून हे उत्तर संपवता आले असते. परंतु आपण भूमिकेबद्दल जे विचारले आहे ते सहीच्या प्रश्नापेक्षा मोठे आहे, आणि पुण्यातल्या कितीतरी तबलावादकांना, पोहण्याच्या प्रशिक्षकांना, ग्रंथपालांना आणि समाजसेवी संस्थांतल्या कार्यकर्त्यांना दरवर्षी हाच प्रश्न पडतो. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ज्या वाचकांना हा उपक्रम ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. इंग्लंडमध्ये 1956 साली राजपुत्र फिलिप, म्हणजे ड्यूक ऑफ एडिंबरा, यांनी तो सुरू केला. त्यामागे त्यांचे गॉर्डन्स्टन शाळेतले मुख्याध्यापक कुर्ट हान यांची प्रेरणा होती आणि 1953 च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट हे त्याचे पहिले संचालक झाले. भारतात तो 1962 पासून चालतो. वयाच्या चौदाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत त्यात भाग घेता येतो. ब्रॉन्झ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा त्याच्या तीन पातळ्या आहेत. प्रत्येक पातळीवर सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास असे चार विभाग असतात, आणि गोल्डला त्यांच्या जोडीला पाच दिवस व चार रात्रींचा निवासी प्रकल्प असतो. ज्याने आधी ब्रॉन्झ पूर्ण केले आहे त्याला सिल्व्हरसाठी पहिल्या तीन विभागांत प्रत्येकी सहा महिने, आठवड्याला सरासरी एक तास या हिशेबाने, नियमित काम करावे लागते. आपल्याला सांगितलेला सव्वीसचा आकडा तिथून आला आहे. ब्रॉन्झ न करता थेट सिल्व्हरला बसलेल्या मुलाला एका विभागात आणखी सहा महिने द्यावे लागतात, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याची स्थिती यांपैकी कोणती आहे हे त्याला एकदा विचारून घ्यावे.

या रचनेत मुलाभोवती दोन प्रकारची मोठी माणसे असतात. त्यांच्या कामांची सरमिसळ झाली की आपण लिहिला आहे तसा गोंधळ उडतो. शाळेत किंवा संस्थेत एक अवॉर्ड लीडर असतो. मुलाने निवडलेले उपक्रम योग्य आहेत का, चारही विभागांचा तोल सांभाळला जातो आहे का आणि शेवटी सगळ्या अटी पूर्ण झाल्या का, हे तो पाहतो आणि मान्यता देतो. असेसर मात्र एका उपक्रमापुरता असतो. त्याला त्या विषयाची जाण असावी लागते आणि त्याने मुलाचे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे लागते. शिकवणारा आणि मूल्यमापन करणारा एकच माणूस असला तरी चालते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच असते. म्हणून आपण मोडी शिकवताही आणि असेसरही आहात यात काही गैर नाही. फी घेऊन शिकवणारे तबल्याचे किंवा चित्रकलेचे शिक्षकदेखील असेसर होऊ शकतात, मात्र अहवाल लिहिण्याचे वेगळे पैसे घेणे या उपक्रमाच्या स्वभावाला धरून नाही.

आपण परीक्षक आहात का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शालेय परीक्षेत सर्वांसाठी एकच प्रश्नपत्रिका असते, उत्तीर्णतेची एकच रेषा असते आणि कोण कुणाच्या पुढे आहे हे आकड्यांत दिसते. या उपक्रमाच्या मूलतत्त्वांत स्पर्धेला स्थानच नाही. आपल्याला या मुलाची तुलना वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी करायची नाही, किंवा मोडीवाचनाच्या एखाद्या सर्वमान्य कसोटीशीही करायची नाही. जूनमध्ये तो जिथे होता तिथून, त्याने स्वतः ठरवलेल्या दिशेने, तो किती पुढे गेला आणि त्यासाठी त्याने सातत्याने कष्ट घेतले का, एवढेच पाहायचे आहे. ज्याला मुळात काहीच येत नव्हते आणि आता जो अडखळत का होईना छापील पान वाचतो, त्याची प्रगती ही खरी प्रगती आहे, आणि ती तशी नोंदवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र ही मोकळीक प्रगतीच्या मापापुरतीच आहे. दिलेल्या वेळेच्या मोजणीत ती लागू होत नाही. मूल किती पुढे गेले याबद्दल असेसरने उदार असावे आणि त्याने किती वेळ दिला याबद्दल काटेकोर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या एका ओळीच्या उद्दिष्टाकडे वळते, कारण माझ्या मते अडचणीचे मूळ तिथे आहे. ‘मोडी लिपी शिकणे आणि पेशवेकालीन कागद वाचता येणे’ हे उद्दिष्ट ऐकायला चांगले वाटते, पण त्यात कुठे थांबायचे हे सांगितलेले नाही, आणि आठवड्याला एका तासाच्या अभ्यासात सहा महिन्यांत ते गाठणे बहुतेक मुलांना शक्य नाही. हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शिरोरेषा आधी ओढून हात न उचलता लिहिलेल्या अक्षरांची वळणे लेखकागणिक बदलतात. त्यातही शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणे निराळी. शिवाय कागदावरची तारीख समजायची तर ‘छ’ या खुणेने सुरू होणारी चांद्रतिथी आणि इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्यांनी लिहिलेले सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कालगणनेतले वर्ष, हे ओळखता यावे लागते. पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तराच्या रुमालांतला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतला, एखादा कागद सराईतपणे वाचायला अभ्यासकांना वर्षे लागतात. बारावीच्या मुलाने सहा महिन्यांसाठी हे उद्दिष्ट लिहिले तेव्हा त्याला त्याची उंची ठाऊक नव्हती, आणि असेसरची पहिली जबाबदारी नेमकी इथे येते. उद्दिष्ट मुलाचेच असावे, ते त्याच्यावर लादले जाऊ नये. पण ते मोजता येण्याजोगे आणि आवाक्यातले आहे की नाही हे त्या विषयातला जाणकार सांगू शकतो. अवॉर्ड लीडरला मोडीतले काही कळत असेलच असे नाही, तेव्हा ते सांगणारे माणूस आपणच.

सुदैवाने उद्दिष्ट मध्येच बदलायला या उपक्रमात मनाई नाही. मुलाने, आपण आणि अवॉर्ड लीडरने मिळून, बदलाचे कारण नोंदवून ते नव्याने लिहावे. काम संपल्यावर झालेल्या कामाला जुळेल असे उद्दिष्ट मागाहून लिहिणे मात्र टाळावे. मला सुचतात त्या टप्प्यांचा नमुना देते, आपण आपल्या अनुभवाने तो सुधारावा. मुळाक्षरे, बाराखडी आणि नेहमीची जोडाक्षरे तक्ता न पाहता लिहिता येणे हा पहिला टप्पा त्याने बहुधा गाठलाच आहे. छापील मोडीतले अनोळखी पान हाती दिल्यावर अर्ध्या तासात ते देवनागरीत उतरवणे, आणि न लागलेले शब्द अंदाजाने न भरता तिथे जागा सोडणे, हा दुसरा. पेशवेकालीन पत्राच्या छायाप्रतीत मायना, तारीख आणि ‘बहुत काय लिहिणे’ यांसारखी शेवटची ठराविक वाक्ये ओळखून दाखवणे, आणि मधला मजकूर जमेल तितका वाचणे, हा तिसरा. या तिन्ही गोष्टी दिसतात आणि तपासता येतात. भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या पेठेतच आहे. एखाद्या रविवारी तिथे नेऊन त्याला मूळ कागद कसा दिसतो हे दाखवता आले, तर तिसऱ्या टप्प्याची ओढ त्याला आपोआप लागेल.

खंड पडला म्हणून मुलगा अपात्र ठरत नाही, हेही त्याला आणि त्याच्या आईला आवर्जून सांगावे. परीक्षा, आजारपण, घरातले कार्य अशी कारणे सगळ्यांनाच असतात. खंडाचे आठवडे मोजायचे नाहीत आणि पुन्हा सुरुवात झाली की पुढची मोजणी करायची, इतका तो साधा हिशेब आहे. आधीचे पंधरा तास वाया जात नाहीत. मात्र उरलेले अकरा तास एका आठवड्यात सकाळ-संध्याकाळ बसून संपवायचा प्रस्ताव आला, तर तो स्वीकारू नये. आठवड्यामागून आठवडा त्याच कामाकडे परत येणे, कंटाळा आला तरी परत येणे, हेच तर या सहा महिन्यांत शिकायचे असते. गणेश विसर्जनाच्या दिवशी नदीकाठच्या घाटावर दहा तास उभे राहून निर्माल्य गोळा करणारी मुले मी दरवर्षी पाहते आणि त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु त्या एका दिवसाचे दहा आठवडे करून सेवा विभागात लिहिण्याची मागणी येते तेव्हा मी नकार देते. त्याच मुलाने दर शनिवारी दृष्टिहीन विद्यार्थ्याला एक तास पाठ्यपुस्तक वाचून दाखवले, तर ते काम कुणाच्या नजरेत भरणार नाही, पण सेवा विभागात अपेक्षित आहे ते तेच. आणखी एक लक्षात असू द्यावे. हे काम मुलाच्या मोकळ्या वेळातले असावे लागते, म्हणून शाळेच्या तासिकेत झालेले लेखन किंवा प्रकल्प यात धरता येत नाहीत.

असेसरची बहुतेक जबाबदारी सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवसाच्या मधल्या काळात असते, आणि सर्वाधिक दुर्लक्षही त्याच काळाकडे होते. मुलगा येईनासा झाला तेव्हा आपण काय केलेत हे पत्रात नाही, म्हणून हे टीका म्हणून लिहीत नाही. पण दोन-तीन आठवडे मूल आले नाही तर असेसरने एक फोन करावा, आणि तो रागावण्यासाठी नव्हे तर चौकशीसाठी असावा, असे मला वाटते. सतरा वर्षांच्या मुलांना खंड पडल्यावर परत यायला संकोच वाटतो. सर काय म्हणतील या भीतीने दोन आठवड्यांचे दोन महिने होतात, आणि मग आईला फोन करावा लागतो. दर महिना-दीड महिन्याने दहा मिनिटे बसून, काय जमले, काय जड जाते आणि पुढच्या महिन्यात काय करायचे एवढे बोललात तरी पुरेसे आहे. आपण हजेरीची वही ठेवता हे उत्तमच आहे. त्यात प्रत्येक रविवारपुढे त्या दिवशी काय झाले याची एक ओळ लिहीत गेलात, तर शेवटचा अहवाल आपोआप तयार होईल.

त्या अहवालाविषयीही थोडे लिहिते. ऑनलाइन रेकॉर्ड बुकमध्ये तासांची नोंद मुलगा करतो, अहवाल असेसर लिहितो आणि मान्यता अवॉर्ड लीडर देतो. बहुतेक असेसर ‘मुलगा हुशार व होतकरू आहे, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ असे लिहून मोकळे होतात. हे वाक्य कुठल्याही मुलाबद्दल लिहिता येते, आणि म्हणून ते या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. मी आपल्या जागी असते तर काम पूर्ण झाल्यावर साधारण असे लिहिले असते : ‘जूनमध्ये या विद्यार्थ्याला मोडीचे एकही अक्षर ओळखता येत नव्हते. आता तो छापील मोडीचे अनोळखी पान पंचवीस मिनिटांत देवनागरीत उतरवतो. सुरुवातीला न लागलेला शब्द तो अंदाजाने भरत असे. पुढे तिथे जागा सोडून पुढे जाण्याची आणि नंतर संदर्भावरून परत येण्याची शिस्त त्याने स्वतःला लावली. परीक्षांमुळे ऑक्टोबरनंतर काही महिने खंड पडला, त्यानंतर तो पुन्हा नियमित आला. जोडाक्षरे त्याला अजून जड जातात.’ यात खंडाचा उल्लेख आहे आणि उणीवही आहे. त्यांनी मुलाचे मोल कमी होत नाही, उलट ज्या असेसरने मुलाला खरोखर पाहिले आहे त्याचे हे शब्द आहेत, हे वाचणाऱ्याला कळते. काही वर्षांनी मुलगा स्वतः तो अहवाल वाचील तेव्हा त्यालाही ते कळेल.

आता त्याच्या आईविषयी. त्यांच्यावर मी रागावलेली नाही आणि आपणही रागावू नये. बारावी, क्लासची फी, परदेशी अर्जांच्या तारखा आणि आजूबाजूच्या मुलांच्या प्रमाणपत्रांच्या गोष्टी यांत पालक इतके गुरफटलेले असतात की अकरा तास पुढेमागे झाल्याने काय बिघडते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांना फोनवर उत्तर देण्यापेक्षा घरी बोलवावे, मुलालाही सोबत बोलवावे आणि त्याच्यासमोर बोलावे, कारण अवॉर्ड त्याचे आहे आणि निर्णयाची गोष्ट त्याच्या अपरोक्ष होता कामा नये. दोन गोष्टी त्यांना शांतपणे सांगता येतील. पहिली अशी की अर्जात ‘सिल्व्हर पातळीचे काम सुरू आहे’ असे खरे लिहिता येते. त्यासोबत आपण झालेल्या पंधरा तासांचे आणि शिकलेल्या मजकुराचे एक साधे पत्र, अवॉर्डच्या अहवालापासून वेगळे, स्वतःच्या नावाने देऊ शकता. मोडी शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा ही गोष्ट अर्ज वाचणाऱ्याला ‘पूर्ण’ अशी खूण केलेल्या चौकटीपेक्षा जास्त सांगणारी आहे. दुसरी अशी की घाईचे काही कारणच नाही. हा उपक्रम पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत पूर्ण करता येतो. फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा झाली की एप्रिलपासून दर रविवारी आला तर जूनच्या अखेरीपर्यंत उरलेले तास सहज होतील, आणि तेव्हा अहवाल लिहिताना आपल्या मनाला टोचणी लागणार नाही.

एवढे होऊनही त्यांनी आग्रह धरला, तर आपण मुलाच्या विरोधात जात आहोत असे मानू नये. मुलगा हे सगळे ऐकतो आहे. त्याचे सर अकरा तास हजर नसताना हजर लिहितात, हे त्याने पाहिले तर तेही त्याच्या शिक्षणात जमा होईल. अशा वेळी अवॉर्ड लीडरला दोन ओळी लिहून वस्तुस्थिती कळवावी आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे. असेसरला एकट्याने हा भार वाहायचा नसतो.

धावण्याचा सराव आणि राजगड-तोरणा मोहीम यांवर आपण सही करू नये. आपण त्याला ओळखता हे पुरेसे कारण नाही. वेताळ टेकडीवरचे त्याचे धावणे आपण पाहिलेले नाही, आणि त्याची गती किंवा दम वाढला का हे सांगणारा त्याचा प्रशिक्षक किंवा शाळेतले क्रीडाशिक्षक असायला हवेत. साहसी प्रवासाचे नियम तर आणखी कडक आहेत. सिल्व्हरला तो तीन दिवस आणि दोन रात्रींचा असतो, गट चार ते सात जणांचा असतो, आधी प्रशिक्षण आणि सरावाचा प्रवास करावा लागतो, आणि मुले स्वतःच्या नियोजनाने चालत असताना सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा पर्यवेक्षक आसपास असावा लागतो. राजगडाहून तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार सुंदर आहे, पण पाण्याचे टप्पे, निसरड्या वाटा आणि उतरण्याच्या जागा ठाऊक असलेल्या अनुभवी गिर्यारोहकानेच त्याचे मूल्यमापन करावे. पुण्यात अशी माणसे पुष्कळ आहेत.

नातीच्या बाबतीत माझे उत्तर आपल्याला थोडे कठोर वाटेल. तिचे असेसर आपण होऊ नये. नात्यातल्या माणसाने मूल्यमापन करू नये ही प्रथा आपल्या प्रामाणिकपणावरचा अविश्वास नाही. आजोबांनी लिहिलेल्या कौतुकाकडे वाचणारा साशंक नजरेने पाहील आणि तिने घेतलेल्या खऱ्या कष्टांनाही उणेपणा येईल, म्हणून ती आहे. तिला मोडीच शिकायची असेल तर शिकवा जरूर आपणच, आणि दुसऱ्या एखाद्या मोडी जाणणाऱ्या स्नेह्याला असेसर व्हायला सांगा. त्यांनी अधूनमधून येऊन तिचे वाचन ऐकावे. तिला कदाचित हेही आवडेल की तिचे काम घराबाहेरच्या माणसाने पाहिले.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपले वर्ग घरी भरतात आणि विद्यार्थी अठरा वर्षांखालील आहेत. अवॉर्ड लीडरने आपली ओळख आणि पार्श्वभूमी विचारली तर तो अपमान समजू नये. मुलांच्या संरक्षणासाठी ती चौकशी व्हायलाच हवी. वर्ग शक्यतो दोघा-तिघांचा एकत्र घ्यावा, एकटाच विद्यार्थी असेल तर दार उघडे असावे आणि घरात दुसरे कुणी असावे, वेळ पालकांना माहीत असावी आणि वेळेतला बदल मुलाला परस्पर न कळवता पालकांनाही कळवावा. यात मुलाचे संरक्षण आहे आणि आपलेही.

पुढच्या रविवारी आई आणि मुलगा आले की आपली हजेरीची वही समोर ठेवावी आणि पंधरा तास रेकॉर्ड बुकमधल्या नोंदींशी जुळवून घ्यावेत. उद्दिष्टाचा नवा मसुदा मुलाने त्याच्या हाताने तिथेच लिहावा, त्यावर तारीख घालावी आणि एक प्रत अवॉर्ड लीडरकडे पाठवावी. परीक्षेनंतर वर्ग सुरू करण्याचा रविवारही त्याच बैठकीत ठरवून टाकावा.